आत्याला काय झालं होतं?

2019 साली मॅथ्यू नोल्स यांना, म्हणजे गायिका बियॉन्सेच्या वडिलांना, पांढऱ्या टी-शर्टवर रक्ताचा ठिपका दिसला. त्यांनी दुर्लक्ष केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच ठिपका. निदान झालं स्तनाच्या कॅन्सरचं, आणि चाचणीत बीआरसीए-2 या जनुकात जन्मजात बिघाड सापडला.

बीआरसीए म्हटलं की ‘बायकांचं दुखणं’ हा समज आपल्याकडेही पक्का आहे. पण बीआरसीए-2 हे जनुक 13व्या गुणसूत्रावर असतं, आणि मुलगा की मुलगी हे ठरवण्याशी त्याचा संबंध नाही. वडिलांकडे बिघाड असेल तर तो मुलाला मिळण्याची शक्यता मुलीइतकीच, म्हणजे निम्मी.

हे जनुक जे काम करतं ते फार सुंदर आहे. पेशीत डीएनए सतत तुटत असतो. डीएनएच्या शिडीची एक बाजू तुटली तर समोरची बघून भरता येते. दोन्ही बाजू एकाच जागी तुटल्या तर? विभाजनाआधी पेशीने डीएनएची जुळी प्रत काढलेली असते. पान फाटलं की झेरॉक्स समोर ठेवून हरवलेल्या ओळी उतरवून घ्याव्यात, तसं पेशी करते. तुटक्या टोकावर आरपीए नावाचं प्रथिन चिकटून बसलेलं असतं. बीआरसीए-2चं प्रथिन त्याला हटवून तिथे आरएडी-51 या दुसऱ्या प्रथिनाची माळ गुंफतं, आणि ती माळ जुळ्या प्रतीतला नेमका तोच मजकूर शोधून काढते. हे जमलं नाही तर पेशी टोकाला टोक चिकटवून मोकळी होते आणि मधली अक्षरं गळतात. एका पालकाकडून बिघडलेलं जनुक आलं, तरी दुसऱ्या पालकाकडून आलेली त्याच जनुकाची चांगली प्रत वर्षानुवर्षं काम निभावते. एखाद्या पेशीत तीही बिघडली की तिथे चुका साचू लागतात. म्हणून बिघाड जन्मजात असला तरी कॅन्सर बहुधा मोठेपणीच दिसतो.

बीआरसीए-2 बिघडलेल्या शंभर पुरुषांत साधारण सात जणांना आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होतो; एरवी हे प्रमाण हजारात एक. खरी काळजी प्रोस्टेटची, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची. तिथला धोका दुपटीहून जास्त, आणि तो कॅन्सर वाढतोही झपाट्याने. म्हणून असा बिघाड असलेल्या पुरुषांनी पस्तिशीपासून छाती स्वतः चाचपून पाहावी आणि चाळिशीपासून पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटमधल्या एका प्रथिनाची, रक्तचाचणी सुरू करावी. बरेच पुरुष केवळ लेकींसाठी जनुकचाचणी करून घेतात, आणि स्वतःची पीएसए मात्र राहून जाते. याचं मला फार वाईट वाटतं.

एका घरात दोन-तीन कॅन्सर झाले की पितृदोषाची शांत करायला सांगणारे लगेच भेटतात. शांतीने जनुक बदलत नाही, आणि ‘जनुकं दुरुस्त करणाऱ्या’ काढ्यांनीही नाही. तो पैसा चाचणीला ठेवा.

आपल्या जुन्या वंशावळींत लेकींची नावंच नसतात. लग्न होऊन गेलेली आत्या कशाने वारली, हे भाच्यांना ठाऊक नसतं. फोन करून आतेभावंडांना विचारा. कॅन्सर झालेलं कुणी हयात असेल तर पहिली चाचणी त्या व्यक्तीची करावी. तिच्यात नेमका बिघाड सापडला, की बाकीच्यांची तेवढी एकच जागा तपासली तरी पुरते.