शाईची ओढाताण

नवा टाक दौतीत बुडवावा आणि शाई निबवर थेंब थेंब होऊन बसावी, खाली उतरूच नये. किंवा एकदम भसकन उतरून कागदावर डबकं करावं. सुलेखनाची हौस लागलेल्या बहुतेकांची सुरुवात अशीच होते, आणि दोष हाताला दिला जातो. हाताला सराव लागतोच. पण ही दोन्ही संकटं हाताची नाहीत. ती निब, शाई आणि कागद यांच्यातल्या ओढाताणीची आहेत.

निबच्या मधोमध एक चीर असते. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून राहतात, तसेच स्वच्छ धातूलाही चिकटतात. त्यामुळे अरुंद फटीत पाणी आपोआप शिरतं आणि तिथेच टिकून राहतं. हे केशाकर्षण. फट जितकी अरुंद, तितकी ओढ जास्त. दौतीतून बाहेर काढल्यावर शाई लगेच गळून पडत नाही ती यामुळे. आता कागद पाहा. तो म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचा गुंता, आणि तंतूंमधल्या फटी निबच्या चिरेहूनही बारीक. टोक कागदाला टेकलं की दोन्हीकडून ओढ लागते आणि कागद जिंकतो. अक्षर उमटतं ते या विजयामुळे.

टोकदार निबवर दाब दिला की तिचे दोन पाय फाकतात आणि रेघ जाड होते. दाब फार झाला तर चीर इतकी रुंदावते की तिच्यातला शाईचा पडदाच तुटतो, आणि एका जाड रेघेऐवजी रुळांसारख्या दोन बारीक रेघा उमटतात. त्या दिसल्या की समजावं, शाई संपत आली आहे किंवा दाब अथवा वेग जास्त होतो आहे.

नव्या निबवर शाई थेंब होऊन बसते कारण गंजू नये म्हणून तिच्यावर तेलाचा किंवा तत्सम पातळ थर दिलेला असतो. तेलकट पृष्ठभागावर पाणी पसरत नाही, स्वतःलाच धरून गोळा होतं. अल्कोहोल लावलेल्या कापडाने निब नीट पुसली की बहुधा काम होतं. काही जण ती ज्योतीवरून फिरवतात. मला ते पटत नाही. पोलादाचा लवचिकपणा त्याला दिलेल्या उष्णतेच्या संस्कारातून येतो आणि जास्त तापल्यास तो जातो.

कागदाने जिंकावं, पण फार जिंकू नये. टीपकागदावर लिहून पाहा, अक्षराला चहूबाजूंनी मुळं फुटतात. ती फुटू नयेत म्हणून कागदाला खळ देतात. जुन्या काळी त्यासाठी स्टार्च किंवा जिलेटिन वापरत. १८०७ साली जर्मनीत मोरित्झ इलिग यांनी लगद्यातच राळ आणि तुरटी मिसळण्याची रीत मांडली. ती स्वस्त होती म्हणून पसरली, पण तुरटीमुळे कागद आम्लयुक्त झाला, आणि आम्ल सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडत राहतं. जुनी पुस्तकं पिवळी पडून कडेने तुटतात त्याचं हे एक मोठं कारण. जपून ठेवायचं काम असेल तर आम्लविरहित कागदच घ्यावा, यात मी तडजोड करत नाही.

सच्छिद्र पदार्थात द्रव किती वेगाने शिरतो याचं गणित १९१८ मध्ये लुकास यांनी आणि १९२१ मध्ये वॉशबर्न यांनी मांडलं. अंतर वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे दुप्पट अंतर जायला चौपट वेळ लागतो. शाईचं पसरणं सगळ्यात जोरात असतं ते पहिल्या क्षणांत. द्रव दाट असेल तर हा वेग कमी होतो, म्हणून फुटणाऱ्या शाईत थोडा डिंक घातल्याने फरक पडतो. डिंक जास्त झाला तर मात्र शाई निबमधून उतरत नाही आणि वाळलेला थर तडकतो. थेंबाथेंबाने वाढवावा आणि दर वेळी त्याच कागदाच्या कोपऱ्यावर रेघ ओढून पाहावी.

डिंकाचं दुसरं काम अधिक मोलाचं आहे. काळी शाई काजळीची असेल तर तिच्यात काही विरघळलेलं नसतं. कार्बनचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात. मोकळे सोडले तर ते एकमेकांना चिकटून तळाशी बसतात. डिंकाचे लांब रेणू प्रत्येक कणाभोवती लपेटून त्यांना दूर ठेवतात. कागद पाणी शोषून घेतो, आणि बरेचसे कण डिंकासह वरच राहतात. कार्बन उजेडाने फिका पडत नाही. फाउंटन पेनातल्या रंजकाच्या शाईचं उलट आहे; तिथे रंगाचे रेणू पाण्यात विरघळलेले असतात, पाणी जाईल तिथे जातात, आणि अनेक रंजकं उन्हात विटतात. पण म्हणून लाख घातलेली काजळीची शाई फाउंटन पेनात भरू नये. मी एकदा भरली. ती आत वाळली, आणि वाळलेली लाख पाण्याने सुटत नाही.

काळ्या कागदावर पांढरी अक्षरं काढायची असतील तर खडूची पूड निराश करते. खडू आणि डिंक यांचे अपवर्तनांक, म्हणजे पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो त्याची मापं, जवळजवळ सारखे, त्यामुळे प्रकाश फारसा वळत नाही आणि अक्षर धुरकट दिसतं. टायटेनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक सुमारे २.७ आणि डिंकाचा सुमारे १.५. पांढरेपणा या फरकातून येतो.

सगळ्यात सुंदर प्रयोग मायफळाच्या शाईचा. ओक वृक्षावर एका गांधीलमाशीसारख्या बारीक कीटकाने अंडी घातली की तिथे गाठ धरते, तेच मायफळ. त्यातल्या टॅनिनच्या, म्हणजे तुरट द्रव्याच्या, पाण्यात हिराकस हा लोहाचा क्षार घातला की फिकट शाई तयार होते. लिहिताना अक्षर जेमतेम दिसतं, मग हवेतला ऑक्सिजन लोहाची अवस्था बदलतो आणि ते तंतूंमध्येच काळं होत जातं. चौथ्या शतकातलं कोडेक्स सिनायटिकस हे बायबलचं हस्तलिखित याच प्रकारच्या शाईचं, आणि ते आजही वाचता येतं. जर्मन संगीतकार बाखच्या कागदी स्वरलिपींना मात्र अशाच शाईने खाल्लं आहे. कोडेक्स चर्मपत्रावर आहे, आणि चर्मपत्र तयार करताना कातडं चुन्यात भिजवतात. उरलेला चुना आम्ल मारतो. कागदाला असं कवच नव्हतं. ही शाई घरी केलीत तर हिराकस बेतानेच घाला. जास्तीचं लोह आणि आम्ल अक्षर काळं झाल्यावरही कागदात काम करत राहतात.