उच्च प्रतीचे इन-इअर इअरफोन : आमची क्रमवारी आणि तिच्यामागची रीत

ग्राहकांस सप्रेम नमस्कार.

आमच्या पुण्यातील दालनात येणारे ग्राहक बहुधा एकच प्रश्न आधी विचारतात : "यांतला सर्वांत चांगला कोणता?" मोठी रक्कम मोजायची असताना हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला आडवळणाने उत्तर देणे आम्हांला बरे वाटत नाही. म्हणून या पत्रकात आम्ही इन-इअर, म्हणजे कानाच्या नळीत बसणाऱ्या, इअरफोनांची आमची क्रमवारी दिलेलीच आहे. परंतु ती कोणत्या रीतीने लावली आणि तुमच्या कानाला ती कुठवर लागू पडेल, हे आधी सांगणे आम्हांला आवश्यक वाटते.

कानात बसणे

काही महिन्यांपूर्वी एक तबलावादक आमच्याकडे एक महागडा इअरफोन तपासून घेण्यासाठी आले होते. त्यांची तक्रार अशी की त्यात डग्गा ऐकूच येत नाही, फक्त चाट (तबल्याची किनार) तेवढी टणटणते. इअरफोनमध्ये काहीही दोष नव्हता. पेटीतून आलेली मधल्या मापाची सिलिकोनची टिप (कानात जाणारे मऊ टोपण) त्यांच्या उजव्या कानाला लहान पडत होती आणि बारीकशी फट राहत होती. मोठ्या मापाची टिप बसवताच डग्ग्याचा घुमारा जागेवर आला. त्या दिवसापासून आम्ही टिपांची सर्व मापे आणि फोमच्या टिपा समोर ठेवल्याशिवाय कोणालाही इअरफोन ऐकवत नाही. पुष्कळांचे दोन्ही कान एका मापाचे नसतात, त्यामुळे डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरे माप वापरण्यात काहीही वावगे नाही.

याचे कारण थोडे खोलात समजून घेण्यासारखे आहे. आपल्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असून आतल्या टोकाला पडद्याने बंद असते. उघड्या कानात ती साधारण ३,००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप वाढवते आणि जन्मापासून आपण जग तसेच ऐकत आलेलो असतो. इअरफोन घातला की नळीचे बाहेरचे तोंडही बंद होते, ही नैसर्गिक वाढ नाहीशी होते आणि ती भरून काढण्याची जबाबदारी इअरफोन घडवणाऱ्यावर येते. म्हणूनच मोजमापाच्या आलेखावर सपाट रेषा काढणारा इन-इअर इअरफोन प्रत्यक्ष ऐकताना निस्तेज आणि दूर गेल्यासारखा वाटतो. शिवाय दोन्ही बाजूंनी बंद झालेल्या नळीत आणखी एक अनुनाद (ठरावीक स्वराचे आपोआप घुमणे) तयार होतो, जो पुष्कळदा ८,००० हर्ट्झच्या जवळपास असतो. टिप जितकी आत जाईल तितका तो वर सरकतो. एकाच इअरफोनमध्ये एका माणसाला गायिकेचा 'स' टोचतो आणि दुसऱ्याला तो अगदी गोड लागतो, यामागे पुष्कळदा आवडीनिवडीपेक्षा टिप किती आत गेली हेच कारण असते.

किंमत आणि आवाज

जास्त किमतीचा इअरफोन जास्त चांगला वाजणारच, हा समज आमच्या धंद्याला सोयीचा असला तरी तो खरा नाही. येरुन ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांची मोजमापे तपासून २०१७ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. त्या संग्रहात इन-इअर प्रकारही होता. हेडफोनची किंमत आणि त्याचा वारंवारता-प्रतिसाद, म्हणजे कोणते स्वर तो किती जोराने वाजवतो याचा आलेख, यांच्यात संबंध आढळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. जास्त पैशांत घडणावळ, टिकाऊपणा, बदलता येणारी केबल आणि काही वेळा खरोखरच बारकाई मिळते; परंतु किमतीची चिठ्ठी पाहून क्रम लावता येत नाही, हे आम्ही दररोज अनुभवतो.

हार्मन या ध्वनिउपकरणांच्या कंपनीतील शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच सुमारास ३० इन-इअर इअरफोनांची चाचणी ७१ श्रोत्यांकडून करून घेतली. तिची रचना आम्हांला फार मोलाची वाटते. तीस वेगवेगळे इअरफोन श्रोत्यांच्या कानात घातले असते, तर आकार आणि वजन यांवरूनच कोणता कुठला हे त्यांनी ओळखले असते. म्हणून प्रत्येकाचा मोजलेला प्रतिसाद एकाच चांगल्या इअरफोनवर हुबेहूब उतरवण्यात आला आणि श्रोत्याने नाव, रूप, किंमत यांपैकी काहीही न कळता फक्त आवाजाला गुण दिले. अशा चाचण्यांच्या मालिकेतून निघालेला 'हार्मन आलेख', म्हणजे बहुतेक श्रोत्यांना आवडणारा प्रतिसाद, आज अनेक उत्पादक आधार म्हणून वापरतात. आम्हीही तो समोर ठेवतो, परंतु त्यातील बास (खालच्या स्वरांचा जोर) ख्यालगायन ऐकणाऱ्या आमच्या ग्राहकांना बहुधा थोडा अधिक वाटतो, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

आवाजाची पातळी सारखी करणे

पूर्वी आमच्याकडून एक चूक होत असे. ग्राहक फोनवरच्या आवाजाच्या एकाच खुणेवर दोन इअरफोन आळीपाळीने ऐकत आणि जो जोरात वाजे तोच स्पष्ट, भरदार आणि 'खुला' ठरे. आवाज किंचित जरी मोठा असला तरी कानाला तो मोठा न वाटता चांगला वाटतो. एखाद्या डेसिबलचा फरकही क्रम उलटा करू शकतो. उत्पादक संवेदनशीलतेचा, म्हणजे दिलेल्या विजेवर इअरफोन किती जोरात वाजतो याचा, आकडा देतात, पण कोणी तो एका मिलिवॉटला देतो, कोणी ठरावीक व्होल्टेजला, त्यामुळे खोक्यांवरचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून काही निष्पन्न होत नाही. आता आम्ही कानाच्या नळीसारखी पोकळी असलेल्या मापन-मायक्रोफोनवर पिंक नॉइज (खालपासून वरपर्यंतचे सर्व स्वर असलेला सळसळता चाचणी-आवाज) वाजवून प्रत्येक इअरफोनची पातळी जुळवतो आणि मगच तो ऐकायला देतो. यात पाचेक मिनिटे जातात. ती आम्ही कधीही वाचवत नाही.

काय ऐकून पारख करावी

ज्या आवाजाची तुमच्या कानाला वर्षानुवर्षे ओळख आहे, त्याच आवाजावर पारख करावी. आमच्या दालनात तानपुरा, तबला, हार्मोनियम आणि मोकळा गळा यांची ध्वनिमुद्रणे त्यासाठी ठेवलेली आहेत. तानपुरा हा वरच्या आणि मधल्या पट्ट्यासाठी फार कठोर परीक्षक आहे. जवारी (घोडीवर तार हलकेच घासून उमटणारा झंकार) नीट लागलेल्या तारेतून उपस्वरांची, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या स्वरांची, जी सळसळ एकामागून एक उमटत जाते, ती चांगल्या इअरफोनमध्ये अखंड फिरत राहते, तर जिथे एखादा पट्टा उगीच उंचावलेला असतो तिथे ठरावीक उपस्वर पुन्हा पुन्हा चमकतो आणि सळसळ तुटते.

तळाच्या स्वरांसाठी मात्र तानपुऱ्यावर विसंबू नये. काळी एकच्या (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) पुरुषी तानपुऱ्याच्या खर्जाचा, म्हणजे सर्वांत खालच्या तारेचा, मूळ स्वर सुमारे ६९ हर्ट्झवर असतो, पण इअरफोनने तो मूळ स्वर जवळजवळ गाळून टाकला तरी उपस्वरांच्या आधाराने आपला मेंदू तो भरून काढतो आणि खर्ज ऐकू आल्याचा भास होतो. डग्गा असा फसवत नाही. मनगटाच्या दाबाने स्वर वर सरकत जातो तो भाग ऐकावा; प्रत्येक टप्पा सारख्याच वजनाने ऐकू आला पाहिजे, मध्येच फुगता किंवा पडता कामा नये. दायाची, म्हणजे उजव्या हाताच्या तबल्याची, पारख वेगळी. पुडीवरच्या काळ्या लेपामुळे, म्हणजे शाईमुळे, तबल्याचे उपस्वर मूळ स्वराशी सुरेल नाते ठेवतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्येच दाखवून दिले होते, आणि म्हणूनच तबला 'लागतो', म्हणजे सुरात बोलतो. इअरफोनमध्ये तो लागलेला वाटला नाही, केवळ 'टक' ऐकू आला, तर मधल्या पट्ट्यात काहीतरी बिघडलेले आहे असे समजावे.

आमची क्रमवारी

पुढील क्रम सारख्या पातळीवर, योग्य टिपांसह, कमी आउटपुट इम्पिडन्सच्या (विजेच्या प्रवाहाला स्रोताकडून होणाऱ्या विरोधाच्या) डीएसीवर, म्हणजे डिजिटल संगीताचे विद्युत लहरींत रूपांतर करणाऱ्या उपकरणावर, वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा ऐकून लावलेला आहे. आम्ही गळ्याच्या खरेपणाला सर्वाधिक वजन देतो, हे लक्षात ठेवून तो वाचावा.

पहिले स्थान आम्ही ६४ ऑडिओच्या यू१२टी या इअरफोनला देतो. प्रत्येक बाजूस बारा बॅलन्स्ड आर्मेचर (बारीक पट्टीच्या थरथरण्याने आवाज काढणारे छोटे ड्रायव्हर, म्हणजे ध्वनी निर्माण करणारे भाग) असूनही एवढ्या ड्रायव्हरांचे सांधे त्यात कुठेही ऐकू येत नाहीत, आणि ही साधी गोष्ट नव्हे. कानातील हवेचा दाब कमी करणारे 'एपेक्स' मॉड्यूल त्यात असल्यामुळे दोन तासांची मैफल ऐकल्यावरही कान कोंदत नाहीत. आलाप संपून द्रुत बंदिश सुरू झाली तरी त्याचा समतोल ढळत नाही. आमच्या दालनातील एखादाच इअरफोन घरी न्यायचा झाला, तर आम्ही हा नेऊ.

दुसरा सेनहायझरचा आयई ९००. २०२१ मध्ये आलेल्या या इअरफोनमध्ये अवघा एक ७ मिलिमीटरचा डायनॅमिक ड्रायव्हर (लाउडस्पीकरसारखा पडदा हलवून वाजणारा) आहे आणि ॲल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरलेल्या कवचातील तीन पोकळ्या त्याचे अनावश्यक अनुनाद शोषून घेतात. ड्रायव्हरांची संख्या मोजून दर्जा ठरवणाऱ्यांनी हा अवश्य ऐकावा. डग्गा यात यू१२टीहूनही अधिक जिवंत वाटतो. गायक मात्र साथीच्या किंचित मागे बसल्यासारखा वाटतो, आणि केवळ त्या कारणाने तो दुसरा आहे.

तिसऱ्या स्थानी एटिमोटिकचा ईआर४एसआर पाहून अनेकांना आश्चर्य वाटते, कारण या यादीत तो सर्वांत स्वस्त आहे आणि बराच स्वस्त आहे. एटिमोटिकचा मूळ ईआर-४ हा १९९१ चा. ज्या काळी कानात घालायचे इअरफोन म्हणजे कॅसेट प्लेअरसोबत आलेली फोमची बटणे होती, त्या काळी या कंपनीने एकाच बॅलन्स्ड आर्मेचरवर अचूकतेचा असा पाया घातला की २०१६ च्या ईआर४एसआरमध्येही तीच दिशा कायम आहे. गळ्याच्या खरेपणात तो आमच्या मते पहिल्या दोघांच्या तोडीचा आहे. बाहेरचा गोंगाट ३५ ते ४२ डेसिबलपर्यंत अडवतो असे उत्पादक सांगतात, आणि लोकल गाडीतल्या प्रवाशांना त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. अडचणी दोन : त्याची तीन पाकळ्यांची टिप खूप आत घालावी लागते, जे सर्वांना सोसत नाही, आणि खालचे स्वर खरे असले तरी त्यांना वजन कमी आहे.

चौथा सोनीचा आयईआर-झेड१आर. १२ मिलिमीटरचा डायनॅमिक ड्रायव्हर, एक बॅलन्स्ड आर्मेचर आणि अतिउच्च स्वरांसाठी ५ मिलिमीटरचा आणखी एक डायनॅमिक ड्रायव्हर अशी त्याची रचना आहे. पखवाज आणि ढोलकी यांच्यासाठी याच्याइतका भव्य इअरफोन आमच्याकडे नाही. त्याचे कवच मात्र इतके मोठे आहे की लहान कानात तो बसतच नाही, आणि न बसणाऱ्या इअरफोनला आवाजाचे गुण देता येत नाहीत. तुमच्या कानात तो नीट बसला, तर त्याला एक पायरी वर धरावे.

पाचवा शुअरचा एसई८४६, २०१३ चा. चार बॅलन्स्ड आर्मेचर आणि बाससाठी पोलादाच्या दहा पातळ पत्र्यांतून कोरलेला लांब ध्वनिमार्ग ही त्याची कल्पक बाजू आहे. तो ऊबदार आणि न थकवणारा आहे, परंतु तानपुऱ्याची वरची सळसळ यात लवकर विरते. नोझलमधील (कानात जाणाऱ्या तोंडातील) फिल्टर बदलून थोडा फरक पडतो, पूर्ण नाही.

तुमचा फोन आणि इम्पिडन्स

घरी नेल्यावर आवाज वेगळा वाटतो, अशी तक्रार आली की आम्ही प्रथम कशाला जोडला ते विचारतो. बॅलन्स्ड आर्मेचरचे इम्पिडन्स प्रत्येक वारंवारतेला वेगळे असते. त्यामुळे ॲम्प्लिफायरचे आउटपुट इम्पिडन्स जास्त असेल तर काही स्वर अधिक दबतात, काही कमी, आणि इअरफोनचा स्वभावच बदलतो. आउटपुट इम्पिडन्स इअरफोनच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावे, हा जुना नियम उपयोगी आहे. एसई८४६ चे इम्पिडन्स ९ ओहम आहे, म्हणजे त्याला सुमारे १ ओहमचा स्रोत हवा. जुन्या ॲम्प्लिफायरच्या हेडफोन-जॅकमध्ये ते पुष्कळदा मिळत नाही. यू१२टी या बाबतीत मुद्दाम सुरक्षित बनवलेला आहे. महाग केबलने आवाज सुधारतो, असे आम्ही कोणालाही सांगत नाही आणि केवळ आवाजासाठी ती विकत नाही.

किती मोठ्याने, किती वेळ

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल ही मर्यादा सुचवलेली आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली की तोच ध्वनिभार निम्म्या वेळात कानावर पडतो. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास. बाहेरचा गोंगाट चांगला अडवणारा इअरफोन हळू आवाजातही पुरेसा ऐकू येतो, आणि आमच्या दृष्टीने तो विकत घेण्याचे हे एक मोठे कारण आहे.

येताना

ऐकण्यासाठी आधी वेळ ठरवून यावे आणि हाताशी किमान एक तास ठेवावा. रोज वापरात असलेला फोन किंवा डीएसी आणि पाठ असलेली तीन-चार ध्वनिमुद्रणे सोबत आणावीत. सर्दी झालेली असेल किंवा कान दडे बसल्यासारखे वाटत असतील, तर भेट पुढे ढकलावी, कारण त्या अवस्थेत केलेली निवड नंतर चुकीची ठरल्याचे आम्ही पाहिले आहे. प्रत्येक ग्राहकासाठी टिपा नव्या काढल्या जातात आणि इअरफोनचे तोंड त्याआधी पुसून स्वच्छ केले जाते. पहिल्या भेटीत निर्णय घेण्याचा आग्रह आमच्याकडून होणार नाही. दुसऱ्या दिवशी, ताज्या कानांनी, तेच दोन इअरफोन पुन्हा ऐकून पाहण्यास अवश्य यावे.