मुल्कोवालची बाटली आणि सबळ-दुर्बळ युक्तिवादाचे गणित

स्पर्धा परीक्षांच्या बुद्धिमत्ता चाचणीत, बँकांच्या भरतीत आणि व्यवस्थापन व विधी शाखांच्या प्रवेशपरीक्षांत एक प्रश्नप्रकार हमखास भेटतो. चार-पाच ओळींचा एक युक्तिवाद दिलेला असतो आणि खाली विचारलेले असते, की पुढीलपैकी कोणते विधान खरे मानल्यास या युक्तिवादाला सर्वाधिक बळकटी मिळेल, किंवा कोणत्या विधानाने तो सर्वाधिक दुबळा पडेल. असे प्रश्न सोडवण्याची एक सोपी रीत उमेदवारांमध्ये सर्रास चालते. निष्कर्षाच्या बाजूने बोलणारा पर्याय बळकटीचा आणि त्याच्या विरोधात बोलणारा पर्याय दुबळेपणाचा, अशी ती रीत आहे. ती चुकीची आहे. तिच्यामुळे गुण जातात हा त्यातला लहान तोटा झाला; पुरावा कशाला म्हणायचे याविषयीची समजच तिच्यामुळे बिघडते, आणि ती बिघडलेली समज परीक्षा संपल्यावरही माणसाबरोबर राहते.

कोणत्याही युक्तिवादाचे दोन भाग उघड दिसतात: आधार म्हणून दिलेली विधाने आणि त्यांवरून काढलेला निष्कर्ष. तिसरा भाग न बोललेला असतो, त्याला आपण गृहीतक म्हणतो. आधारविधानांपासून निष्कर्षापर्यंत जाताना मध्ये जी फट राहते ती या गृहीतकाने भरलेली असते. बळकटी देणारे विधान ती फट कमी करते आणि दुबळे करणारे विधान ती रुंदावते. आधारविधाने खरी की खोटी हा वाद येथे नसतोच. ती खरी मानूनच चालायचे असते. दुबळे करणे म्हणजे निष्कर्ष खोटा पाडणे नव्हे आणि बळकटी देणे म्हणजे तो सिद्ध करणे नव्हे. निष्कर्ष खरा असण्याची शक्यता आधीपेक्षा वाढली की घटली, एवढेच विचारलेले असते. पाठ्यपुस्तकातली व्याख्या येथे संपते. विज्ञान मात्र पुढच्या प्रश्नापासून सुरू होते: एखाद्या विधानाने शक्यता वाढते, म्हणजे नेमके काय घडते?

हे समजून घेण्यासाठी मुंबईच्या परळशी जोडलेले एक जुने प्रकरण फार उपयोगी आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने काही महिन्यांत प्लेगवरची लस तयार केली. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि तेथून देशभर लस पाठवली जाऊ लागली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल या गावी १०७ जणांना ही लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. या १९ जणांना एकाच बाटलीतली लस दिली गेली होती. बाटलीचा क्रमांक होता ५३ एन, आणि ती ४१ दिवस आधी परळला भरलेली होती. इतर बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांना काही झाले नाही.

सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाचा निष्कर्ष असा होता, की बाटली उघडण्याआधीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेतच, दूषित झाली होती. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर व्हावे लागले. पुढे १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि इतर नामांकित जीवाणुशास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये पत्र लिहून या निष्कर्षाला आव्हान दिले आणि त्याच वर्षी हाफकिन यांच्यावरचा ठपका दूर झाला. या वादातली विधाने एकेक करून तपासली, की परीक्षेतल्या प्रश्नांचे सारे मर्म हाती येते.

पहिले विधान: दगावलेले सगळे जण एकाच बाटलीतले होते. प्रथमदर्शनी हे परळविरुद्धचे फार मोठे विधान वाटते, आणि बहुतेक वाचक त्यावर ‘बळकटी’ची खूण करतील. पण येथे एक प्रश्न विचारायला हवा. दोष परळचा नसून मुल्कोवालच्या शिबिराचा असता, बाटली उघडताना तिच्यात माती गेली असती, तर काय दिसले असते? तेव्हाही एकाच बाटलीतले लोक दगावले असते आणि बाकीचे सुखरूप राहिले असते. म्हणजे दोन्ही शक्यतांखाली हे विधान सारखेच अपेक्षित आहे. दोष बाटलीत होता, टोचण्याच्या सुईत किंवा गावाच्या पाण्यात नव्हता, हे त्यातून नक्की कळते. पण बाटलीत तो कुठे शिरला याबद्दल ते काहीच सांगत नाही. निष्कर्षाच्या बाजूचे वाटणारे विधान बळकटीच्या हिशेबात शून्य ठरू शकते ते असे.

दुसरे विधान: लस तयार करताना शेवटी थोडे कार्बोलिक आम्ल मिसळण्याची आधीची पायरी परळला गाळलेली होती. याने परळवरचा संशय खरोखरच वाढतो, कारण जंतूंना अटकाव करणारी एक पायरी निघाली, की प्रयोगशाळेत दोष राहून जाण्याची शक्यता वाढते. परंतु त्याच्याशेजारी आणखी एक वस्तुस्थिती ठेवायला हवी. धनुर्वाताच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची कवचबंद सुप्त रूपे, इतक्या सौम्य कार्बोलिकला सहज पुरून उरतात. त्यामुळे ही पायरी पाळली असती तरी बीजाणू मेलेच असते असे नाही, आणि दुसऱ्या विधानाने दिलेली बळकटी बरीचशी ओसरते. एक विधान दुसऱ्या विधानाच्या वजनावरच घाव घालते ते अशा रीतीने. परीक्षेतले कठीण प्रश्न बहुधा याच जातीचे असतात.

तिसरे विधान: मुल्कोवालला ही बाटली उघडताना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला, आणि तो नीट निर्जंतुक न करता केवळ कार्बोलिकच्या पाण्यात बुचकळून त्यानेच बूच काढले गेले. धनुर्वाताचे बीजाणू मातीत असतात. दोष परळचा असता, तर नेमक्या याच बाटलीच्या वेळी चिमटा पडणे हा विलक्षण योगायोग मानावा लागला असता. दोष मुल्कोवालचा असेल, तर असेच काहीतरी घडलेले असायला हवे होते. चौथे विधान: उघडताना बाटलीला दुर्गंधी आली नव्हती. धनुर्वाताचे जिवाणू ४१ दिवस बाटलीत वाढत असते, तर तिला घाण वास सुटायला हवा होता. ही दोन विधाने दोन्ही शक्यतांखाली सारखी अपेक्षित नाहीत, आणि म्हणूनच त्यांना वजन आहे.

हा सारा विचार एका गुणोत्तरात मावतो. निष्कर्ष खरा असेल तर हे विधान दिसण्याची शक्यता किती, आणि निष्कर्ष खोटा असेल तर तेच विधान दिसण्याची शक्यता किती, या दोन आकड्यांचा भागाकार म्हणजे त्या विधानाचे बळ. भागाकार १ आला तर विधान निरुपयोगी, १ पेक्षा मोठा आला तर बळकटी, लहान आला तर दुबळेपणा. इंग्रज गणिती टॉमस बेझ यांच्या मृत्यूनंतर १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधातून पुढे जे सूत्र विकसित झाले, त्याचा हा गाभा आहे. समजा, सुरुवातीला परळ आणि मुल्कोवाल यांच्यावरचा संशय समसमान आहे. दोष परळचा असेल तर बाटलीला वास न येण्याची शक्यता १० टक्के आणि मुल्कोवालचा असेल तर ९० टक्के आहे, असेही समजू. हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. गुणोत्तर झाले एक नवमांश. आधीचे प्रमाण १ ला १ होते, ते या एका विधानाने १ ला ९ झाले. परळचा दोष असण्याची शक्यता ५० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आली. ती शून्य झाली नाही. युक्तिवाद दुबळा पडला, पण मेला नाही.

दुसऱ्या महायुद्धात ब्लेचली पार्क या ब्रिटनच्या संकेतभेदन केंद्रात जर्मन संदेश फोडताना गणिती ॲलन ट्युरिंग यांनी याच गुणोत्तराचा लॉगॅरिदम घेऊन पुराव्याचे एककच तयार केले होते. त्याला ‘बॅन’ म्हणत, आणि त्याचा दहावा भाग म्हणजे ‘डेसिबॅन’. लॉगॅरिदम घेतल्याचा फायदा असा, की गुणाकारांची बेरीज होते आणि पुराव्याचे तुकडे वजनाच्या मापांसारखे एकावर एक ठेवता येतात. वरच्या उदाहरणातल्या वासाच्या विधानाचे वजन परळविरुद्धच्या आरोपाच्या खात्यावर उणे साडेनऊ डेसिबॅन भरते. ‘एकाच बाटलीतले लोक’ या विधानाचे शून्य. आकडे न मांडताही उमेदवाराला हीच तुलना मनात करायची असते. चार पर्यायांपैकी ‘सर्वाधिक’ बळकटीचा कोणता, हा प्रश्न म्हणजे कोणत्या पर्यायाचे डेसिबॅन सर्वांत जास्त, एवढाच आहे.

आता परीक्षेच्या धाटणीचे एक उदाहरण घेऊ. एका नगरपालिकेने नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात शहरभर धूरफवारणी केली. डिसेंबरात डेंग्यूचे रुग्ण ऑक्टोबरच्या निम्म्यावर आले. म्हणून फवारणीने डेंग्यू आटोक्यात आला, असा निष्कर्ष काढलेला आहे. फवारणीचे औषध डास मारते, हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे, असा पर्याय दिला तर थोडी बळकटी मिळते, कारण निष्कर्षाला एक आवश्यक कडी मिळते. पण ती थोडीच आहे. धूर उडणाऱ्या डासांना मारतो. साठलेल्या पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात आणि आठवडा-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. नागरिकांपैकी बहुतेक जण फवारणीवर समाधानी आहेत, हा पर्याय कानाला अनुकूल असला तरी त्याचे वजन शून्य. फवारणी न झालेल्या शेजारच्या गावातही त्याच काळात रुग्ण निम्म्यावर आले, या विधानाने मात्र युक्तिवाद कोसळण्याच्या बेतात येतो. पावसाळा ओसरून थंडी पडू लागली की आपल्याकडे डेंग्यू आपोआप उतरतो, ही पर्यायी कारणमीमांसा त्याने समोर आणून ठेवली. त्याच गावात रुग्ण घटलेच नाहीत, असे उलटे विधान दिले असते तर तीच पर्यायी कारणमीमांसा बाद होऊन भरघोस बळकटी मिळाली असती. कार्यकारणाच्या युक्तिवादात तुलनेचा गट सांगणारा पर्याय दिसला, की तो आधी तपासावा.

अंगारा लावल्यावर ताप उतरला, नवस बोलल्यावर मूल बरे झाले, हे अनुभव सांगणारी माणसे बहुधा खरेच बोलत असतात. ताप खरोखर उतरलेला असतो. परंतु साधा विषाणूजन्य ताप तीन-चार दिवसांत अंगारा न लावताही उतरतोच, म्हणून या अनुभवाचे गुणोत्तर १ च्या आसपास राहते आणि असे हजार अनुभव एकत्र केले तरी वजन तसूभरही वाढत नाही. ‘आमच्या वर्गातले इतके विद्यार्थी उत्तीर्ण झाले’ अशा जाहिरातींची गतही हीच आहे, कारण त्या वर्गात एकूण किती जण बसले होते आणि वर्ग न लावता किती जण उत्तीर्ण झाले, हे दोन्ही आकडे त्यात नसतात.

मनाला हा दुसरा आकडा विचारण्याची सवय नसते, हे पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली एका साध्या प्रयोगातून दाखवले. २, ४, ६ ही संख्यामालिका एका नियमात बसते, आता तुम्ही स्वतः मालिका सुचवून तो नियम ओळखा, असे त्याने लोकांना सांगितले. नियम होता केवळ चढत्या क्रमाचा. पुष्कळ जणांनी ‘दोन-दोनने वाढणाऱ्या संख्या’ असा तर्क केला आणि ८, १०, १२ यांसारख्या मालिका सुचवून प्रत्येक वेळी होकार मिळवला. तो होकार दोन्ही नियमांखाली मिळणारच होता, त्यामुळे त्यातून काही शिकण्यासारखे नव्हते. १, २, ३ विचारले असते तर चुकीचा तर्क एका फटक्यात उघडा पडला असता.

एक अडचण परीक्षेत कधी येत नाही, पण खऱ्या चौकशीत सतत येते. प्रश्नपत्रिका एका वेळी एकाच विधानाचे वजन विचारते. चौकशी आयोगाला किंवा न्यायालयाला सगळ्या विधानांची बेरीज करावी लागते, आणि डेसिबॅनची सरळ बेरीज तेव्हाच चालते जेव्हा विधाने परस्परांवर अवलंबून नसतात. मुल्कोवालच्या बाबतीत बाटलीला वास नव्हता हे एक विधान झाले. बाटलीत विष आधीच भरपूर साठलेले असते तर लक्षणे लवकर दिसायला हवी होती, असाही मुद्दा मांडता येतो. पण ही दोन्ही विधाने जिवाणू बाटलीत किती वाढले होते या एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत, म्हणून दुसऱ्याचे पूर्ण वजन पहिल्यात मिळवता येत नाही. चिमट्याचे विधान मात्र त्या वाढीवर अवलंबून नाही. ते अगदी वेगळ्या साक्षीतून आलेले आहे, आणि म्हणून त्याचे वजन पूर्ण धरता येते.