बांधकाम नकाशाची प्रत

इमारतीच्या नकाशाची साईटवर वापरली जाणारी प्रत. मूळ आराखडा वास्तुविशारदाच्या कचेरीत राहतो. गवंडी, सेंट्रिंगवाले आणि सळईकाम करणारे यांच्या हाती पडते ती प्रत. प्रत काढण्याचे तंत्र बदलले, तसे साईटवर कोणाला काय पाहायला मिळते हेही बदलत गेले.

निळ्या प्रतीचा (ब्ल्यू प्रिंट) रंग म्हणजे प्रशियन निळा. हे रंगद्रव्य बर्लिनमध्ये योगायोगाने तयार झाले. जुन्या ग्रंथांत त्याचे साल १७०४ आढळते. १७०६ च्या सुमाराचे मत अधिक ग्राह्य वाटते. फेरिक अमोनियम सायट्रेट व पोटॅशियम फेरिसायनाइड लावलेल्या कागदावर ऊन पडले की निळा रंग उमटतो, रेघांखालचा भाग पांढरा राहतो, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये दाखवले. त्यांना निळ्या प्रतीचे जनक म्हणण्याचा प्रघात आहे. मात्र नकाशांसाठी तयार कागद बाजारात रुळला तो साधारण १८७० च्या दशकात, तेव्हा श्रेय विभागून देणे बरे. कोल्हापूरचा नवा राजवाडा (१८७७–८४, वास्तुविशारद मेजर चार्ल्स मँट) याच संक्रमणकाळातला. निळी प्रत पाण्यात धुवावी लागे आणि वाळताना कागद आक्रसे. म्हणून नकाशावर पट्टी लावून माप काढू नये, लिहिलेलेच माप धरावे, हा दंडक. पुढे धुण्याची गरज नसलेली अमोनिया प्रिंट आली. तिच्या रेघा मात्र उन्हात पुसट होत.

संगणकीय आरेखनानंतर (ऑटोकॅड, १९८२) प्रती स्वस्त झाल्या, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून नकाशा थेट मिस्त्रीच्या फोनवर येऊ लागला. फोनच्या पडद्यावर १:१०० (नकाशावरचा १ सेंमी म्हणजे जागेवरचा १ मीटर) या प्रमाणाला अर्थ उरत नाही, त्यामुळे वरील दंडक नव्याने लागू होतो. सुधारित नकाशा आल्यावरही जुना फोनमध्ये राहतो, ही अडचण अधिक गंभीर. कागदी प्रत निदान फाडता येत असे. कोल्हापुरात उत्तर कर्नाटकातून येणाऱ्या कामगारांना वाचण्यापेक्षा कन्नडमधला व्हॉइस मेसेज सोयीचा पडतो.

ग्राहकांसाठी महारेराच्या, म्हणजे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर (२०१७ पासून) प्रकल्पाचे मंजूर नकाशे पाहता येतात. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातींत क्यूआर कोड सक्तीचा आहे. कोल्हापुरात पंचगंगा नदीकाठी निळी व लाल पूररेषाही (पूरक्षेत्राच्या हद्दी) तपासावी लागते. ५०० चौरस मीटरपर्यंतचे भूखंड किंवा आठपर्यंत सदनिकांचे प्रकल्प महारेराच्या नोंदणीतून वगळलेले असल्याने तेथील माहिती या संकेतस्थळावर सहसा मिळत नाही.