उललेल्या ओठांना नेमकं काय लावावं?

ठाण्या-नवी मुंबईच्या माणसाने कोरड्या हवेची तक्रार केली की नाशिक-पुण्याकडचे पाहुणे हसतात. खाडी हाकेच्या अंतरावर, वर्षातले आठ-नऊ महिने शर्ट पाठीला चिकटलेला; इथे ओठ फुटतातच कसे? पण फुटतात. हिवाळ्यात सकाळचा वारा समुद्राकडून नाही, जमिनीकडून येतो आणि तो कोरडा असतो. दुसरं कारण बारमाही आहे. ऐरोली-महापेच्या किंवा वागळे इस्टेटच्या ऑफिसांतल्या एसीबाहेर जे पाणी ठिबकत असतं, ते आतल्याच हवेतून काढलेलं असतं. दिवसभर आत बसणाऱ्याच्या वाट्याला उरते ती बाष्प गमावलेली हवा.

त्याच हवेत गालही असतात, पण ते असे उलत नाहीत. ओठांच्या लालसर भागावर त्वचेचा सर्वांत वरचा संरक्षक थर फारच पातळ असतो. घामाच्या ग्रंथी तिथे नसतात, आणि तैलग्रंथी असल्याच तर नावापुरत्या. गालाला घरचं तेल मिळतं, ओठांना मिळत नाही. मग आपण जीभ फिरवतो. क्षणभर बरं वाटतं. लाळ उडून जाते आणि तिच्यातली पाचक द्रव्यं त्या पातळ थराला आणखी दुखावतात. दिवसभर ओठ चाटणाऱ्या मुलांच्या तोंडाभोवती लाल कडं उमटतं ते यामुळेच.

शरीराच्या आतून ओठांना पाणी सतत पोचत असतं. अडचण ते टिकण्याची आहे. म्हणून विकत घ्यायचं ते झाकण, हे एकदा ध्यानात आलं की दुकानातली निम्मी फळी आपोआप बाद होते.

झाकणांमध्ये पेट्रोलियम जेलीला अजून तोड नाही. रॉबर्ट चेसब्रो या अमेरिकी रसायनतज्ज्ञाने पेन्सिल्व्हेनियाच्या तेलविहिरींवर पाहिलं, की पंपाच्या दांड्यांवर साचणारं काळपट मेण कामगार कापल्या-भाजल्यावर चोळतात. ते शुद्ध करून त्याने 1872 मध्ये व्हॅसलिनचं पेटंट घेतलं. ही जेली ओठांना काही ‘पोषण’ देत नाही. बसून राहते आणि पाणी उडू देत नाही, बस्स. तिला ना वास ना रंग, त्यामुळे ॲलर्जीही क्वचितच होते. मधमाश्यांचं मेण आणि डायमेथिकोन हे सिलिकोनही याच जातीचे.

नुसतं खोबरेल मात्र झाकण म्हणून कमी पडतं. ते साधारण 24 अंशांना वितळतं, म्हणजे ओठांवर पातळ होऊन चहाच्या पहिल्या घोटाबरोबर निघून जातं. साजूक तुपाचंही थोडंफार तसंच. ओठ मऊ होतात, पण फार वेळ नाही. कोकणातून येणारं कोकमतेल, म्हणजेच मुठेल, यांपेक्षा सरस. त्यात स्टिअरिक आम्ल भरपूर असल्याने ते मुंबईच्या उन्हाळ्यातही घट्ट राहतं आणि अंगाच्या उष्णतेने जेमतेम मऊ होतं. ठाण्यात कोकणी मालाच्या दुकानांत त्याचे गोळे मिळतात. टाचांच्या भेगांसाठी आणलेला गोळा ओठांनाही चालतो. फक्त ओठांसाठीचा तुकडा वेगळा काढून ठेवा. (बेंबीत तेल घातल्याने ओठ फुटत नाहीत, असं घरोघरी सांगतात. नाळ पडल्यानंतर बेंबीतून ओठांकडे जाणारी वाट कुठलीच उरत नाही.)

ग्लिसरीन आणि हायल्युरॉनिक ॲसिड पाणी ओढून धरतात. पण कोरड्या एसीत बाहेर ओढण्याजोगं पाणी फारसं नसतं, मग ते आतलंच वर येतं आणि उडून जातं. त्यावर मेण किंवा जेलीचा थर असेल तर उत्तम, एकटं नको.

आता गारेगार लागणारे बाम. मेन्थॉल ओठ थंड करत नाही. थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंवरच्या टीआरपीएम8 या प्रथिनाला चेतवून तसा भास करून देतं. हे प्रथिन शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापौटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं. चुरचुरलं म्हणजे औषध लागू पडतंय, ही समजूत मला या सगळ्यात सर्वांत घातक वाटते. फुटलेल्या ओठांना मेन्थॉल, कापूर, पुदिना, दालचिनी यांनी दाह होतो, म्हणून पुन्हा बाम लावावासा वाटतो आणि डबी लवकर संपते. दुकानदाराची तक्रार नसते.

दुचाकीवरून पाम बीच रोडने रोज जाणाऱ्यांनी एसपीएफ, म्हणजे उन्हापासून संरक्षणाचा आकडा, 30 किंवा त्याहून जास्त असलेला बाम घ्यावा. ओठांत रंगद्रव्य कमी आणि खालचा ओठ उन्हाच्या थेट तोंडी असतो. मॅट लिपस्टिक लावणाऱ्यांनी आधी बामचा थर द्यावा. रात्री मात्र साधी जेलीच, तीही पाण्याने ओलसर केलेल्या ओठांवर. सुटलेली सालपटं ओढायची नाहीत.

दोन-तीन आठवडे असं करूनही फरक पडला नाही, तर बाम बदलत बसू नका, टूथपेस्ट बदलून पाहा. तिच्यातल्या तिखट स्वादाची ॲलर्जी ओठांवरच दिसते. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ कोरडे पडणारच. भेगा फक्त तोंडाच्या कोपऱ्यांत असतील तर बुरशी, लोहाची किंवा बी जीवनसत्त्वांची कमतरता तपासावी लागते. आणि खालच्या ओठावर न जाणारा पांढरा, खरखरीत डाग असेल, विशेषतः तंबाखूची सवय असेल, तर तो त्वचारोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.