कामावरून काढलं? सांगलीत मोफत वकील मिळतो तो असा

कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या कामगाराला नोकरीच्या वादात सरकारी खर्चाने वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये औद्योगिक कामगार हा वेगळा गटच आहे. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांचंही उत्पन्न बघत नाहीत. बाकीच्यांचं, म्हणजे पतसंस्थेतला अधिकारी वगैरेंचं, वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत हवं. त्यासाठी स्वतःचं प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येतं, हे कायद्यातच आहे.

अर्ज विजयनगरच्या जिल्हा न्यायालयात, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यायचा. विटा, जतकडच्यांनी तालुका न्यायालयातल्या समितीकडे गेलं तरी चालतं. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथले कर्मचारी लिहून घेतात. हेल्पलाइन १५१००. निर्णय ७ दिवसांत व्हायला हवा. अर्ज नाकारला तर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे, म्हणजे जिल्हा न्यायाधीशांकडे अपील. वकिलाची फी, कोर्ट फी, नकलांचा खर्च यातलं काहीच तुमच्याकडून घ्यायचं नसतं. नेमलेल्या वकिलाने पैसे मागितले, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार करा.

आधार कार्ड आणि लागू असेल तर जातीचा दाखला, हे सोपं. गाडी अडते ती नोकरीच्या पुराव्यावर. ठेकेदाराकडच्या माणसाला नेमणूकपत्र बहुधा मिळालेलंच नसतं. मग पीएफचं पासबुक काढा. दर महिन्याची वर्गणी कोणत्या आस्थापनेच्या नावाने भरली ते त्यात दिसतं. मध्येच नाव बदललं असेल, तर ठेकेदार बदलला आणि तुम्ही त्याच मशीनवर होता, हे गेटपास, ईएसआय (कामगार विमा) कार्ड, हजेरीचे फोटो यांनी जुळवावं लागतं. अर्जात ठेकेदार आणि मूळ कंपनी, दोघांचीही नावं घाला. बँकेच्या पासबुकातल्या पगाराच्या नोंदींवर खूण करून न्या.

‘उद्यापासून येऊ नको’ असं तोंडी सांगितलं असेल, तर त्याच आठवड्यात ‘मी कामावर हजर व्हायला तयार आहे’ असं पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपा. नाहीतर पुढे कंपनी म्हणते, हा आपणहून यायचा बंद झाला. हिशेबाच्या कागदावर सही करावीच लागली, तर ‘हरकत राखून रक्कम स्वीकारली’ असं सहीशेजारी तारखेसह लिहा. कोऱ्या राजीनाम्यावर मात्र सही नकोच.

तारीख सांभाळा. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याखाली अनुचित प्रथेची (उदा. खोटं कारण दाखवून कामावरून काढणं) तक्रार ती घडल्यापासून ९० दिवसांत करायची असते. उशीर सबळ कारणाने माफ होऊ शकतो, पण ते कारण पटवत बसण्यात पहिल्या तारखा जातात. साहेब ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणाले, म्हणून दिवस मोजायचे थांबत नाहीत.

प्रकरण लोकअदालतीत गेलं, तर तिथल्या तडजोडीवर अपील नाही. सही करण्याआधी रकमेत ग्रॅच्युइटी, थकलेला पगार आणि रजेचे पैसे धरलेत का, हे वकिलाकडून एकेक करून वाचून घ्या.