बॅटरी कानाजवळ धरा

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परवा एक फोटो फिरत आला. उसाच्या कडेला बिबट्या, डोळे दिव्यांसारखे पेटलेले आणि खाली मजकूर : ‘याच्या डोळ्यांतून जो उजेड निघतो, त्याने माणूस जागच्या जागी खिळतो.’ यातलं खिळणं खरं आहे, मी स्वतः खिळलो आहे. उजेड मात्र माझाच होता.

जुन्नरकडे मामाचा ऊस आहे. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती आणि मामा तापाने झोपलेला, म्हणून मोटार चालू करायला मी एकटाच गेलो. बॅटरीचा हात खाली सोडलेला, उजेड समोरच्या बांधावर. उसाच्या तोंडाशी काहीतरी मिणमिणलं, पण मला तो काजवा वाटला. स्टार्टरच्या पेटीचं कुलूप दिसेना म्हणून मी बॅटरी उचलून कानाशी धरली, मान वर केली, आणि तो काजवा भडकला. हिरवट-पिवळे दोन डोळे, पंधराएक मीटरवर.

बॅटरी तीच, सेल तेच, अंतर तेच. मग बॅटरी नुसती वर उचलल्याने एवढा फरक का पडावा?

कुठल्याही प्राण्याचा डोळा दिवा नसतो. खोलीत काळामिट्ट अंधार केला तर मांजराचे डोळेही दिसत नाहीत. आपल्या डोळ्यात दृष्टिपटलावरच्या पेशींनी जो प्रकाश टिपला तो टिपला. निसटला तो बहुतेक मागच्या गडद थरात जिरतो. मांजरकुळात मात्र दृष्टिपटलाच्या मागे एक चकाकता थर असतो. त्याचं नाव टॅपेटम ल्युसिडम, लॅटिनमध्ये ‘चमकदार गालिचा’. निसटलेला प्रकाश त्याच्यावर आपटून पुन्हा त्याच पेशींतून जातो आणि त्यांना तो टिपायची दुसरी संधी मिळते. आपल्याला लागतो त्याच्या साधारण सहाव्या हिश्श्याच्या उजेडात मांजराचं भागतं, त्यात बाहुलीच्या आकाराबरोबर या गालिच्याचंही श्रेय आहे. दुसऱ्या खेपेलाही जो निसटतो, तो बाहुलीतून बाहेर पडतो. आपल्याला दिसते ती ही उरलीसुरली खिरापत.

पण तो बाहेर पडतो कुठल्या दिशेला? खरी गंमत इथे आहे. डोळ्याच्या भिंगाने माझ्या बॅटरीचा प्रकाश दृष्टिपटलावर एका ठिपक्यात जमवला. त्या ठिपक्यातून उलट निघालेला प्रकाश तेच भिंग पुन्हा बॅटरीकडेच पाठवणार, कारण प्रकाशाची वाट उलटी चालता येते. म्हणजे बिबट्या प्रकाश परत करतो तो बॅटरीला, मला नव्हे. भिंग काही अगदी अचूक नसतं, त्यामुळे परतीचा झोत थोडा फाकतो आणि त्याच्या कडेचा उजेड माझ्यापर्यंत पोचतो. खाली सोडलेला हात आणि डोळा यांत पाऊण मीटर धरा. पंधरा मीटरवर तो कोन होतो जवळजवळ 3 अंश, म्हणजे मी झोताच्या काठावर. बॅटरी कानाशी धरली की कोन अर्ध्या अंशाच्या आसपास येतो आणि मी थेट झोतात. माझ्या डाव्या बाजूला पाच पावलांवर कोणी उभं असतं, तर ते म्हणालं असतं, कुठे काय आहे?

रस्त्याच्या मधोमध गाडीच्या दिव्यांत चमकणाऱ्या खुंट्यांमागचं तत्त्व हेच. इंग्लंडमध्ये पर्सी शॉ यांनी 1934 साली त्यांचं पेटंट घेतलं आणि नावही मांजराच्या डोळ्यावरूनच ठेवलं.

आता हा गालिचा विणलाय कशाचा? धातूचा नाही. मांजरात तो पंधरा-वीस पेशींच्या थरांचा असतो आणि प्रत्येक पेशीत बारीक काड्या ओळीने रचलेल्या असतात, जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी. त्यांत रायबोफ्लेविन, म्हणजे आपलं बी-2 जीवनसत्त्व, भरलेलं असतं. ओळींमधलं अंतर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मापातलं असल्याने वेगवेगळ्या ओळींवरून परतणाऱ्या लहरी काही रंगांसाठी एकमेकींत मिळून वाढतात. याला व्यतिकरण म्हणतात. साबणाच्या फुग्यावरचे रंग याच जातीचे. ज्यांना हा परिच्छेद जड गेला त्यांनी फुगा तेवढा लक्षात ठेवावा.

गालिचा फुकट मिळत नाही. परतताना प्रकाश थोडा पसरतो, शेजारच्या पेशींनाही लागतो आणि चित्र पुसट होतं. मांजराची बारकावे टिपणारी नजर आपल्यापेक्षा कितीतरी कमी आहे. शिवाय गालिचा डोळ्याच्या मागच्या भिंतीच्या वरच्या भागात असतो. भिंगातून चित्र उलटं पडतं, म्हणून वरच्या भागात जमीन येते. आकाशाला मुळात उजेड असतोच. काटकसर करायची ती जमिनीच्या अंधारात.

चमकणारे डोळे म्हणजे बिबट्याच, असंही नाही. गाय, शेळी, हरीण, कुत्रा, सगळ्यांकडे हा थर आहे. गाय-शेळीत तो पेशींचा नसून तंतूंचा असतो, एवढंच. माणसाकडे आणि माकडाकडे नाही. त्यामुळे ‘रात्री अमक्याचे डोळे पेटतात’ म्हणत माणसांना भुताखेतांत ढकलणाऱ्यांनी आधी स्वतःच्या गोठ्यात बॅटरी मारून यावं. डोळ्यांच्या भुरळीवर ज्यांचा विश्वास, तेच बहुधा ताईतात वाघनख शोधतात. 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, आणि नखात केराटिन नावाच्या प्रथिनापलीकडे काही नाही. ते आपल्याही नखात आहे.

उसाच्या मुलखात बिबट्या असणं हे काही आक्रीत नव्हे. अकोले तालुक्यातल्या शेतीच्या पट्ट्यात, जिथे जंगल म्हणावं असं काही नाही, तिथे कॅमेरे लावून केलेल्या अभ्यासात दर 100 चौरस किलोमीटरला सुमारे 5 प्रौढ बिबटे निघाले. त्यांच्या खाण्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा, 39 टक्के, कुत्र्यांचा होता.

मी पळालो नाही, यात शहाणपणापेक्षा पायांचा नकार जास्त होता. तरी पळू नये आणि खाली बसू किंवा वाकू नये, हे खरंच. वाकलेला माणूस उंचीला कुत्र्याएवढाच दिसतो. मोठ्याने बोलत, पाठ न दाखवता मी मागे सरकत राहिलो. काय बोलत होतो ते आठवत नाही. मामी म्हणते, मोटारीचे हॉर्सपॉवर सांगत होतास. मग डोळे विझले. मिटले नव्हते, त्याने मान वळवली होती.

सकाळी ताप उतरलेला मामा म्हणाला, “मोत्या असंल आपला. त्याचंबी डोळं चमकत्यात.”

मोत्या ओट्याखाली झोपला होता. आम्ही उसापर्यंत गेलो. ओल्या सरीत ठसा होता, तळहाताएवढा, चार बोटं आणि गादी. बोटांपुढे नखांची टोकं उमटली नव्हती. कुत्र्याला नखं आत घेता येत नाहीत.